एआरटी सुरू झाली? आधी डबीला घरात जागा शोधा

एआरटी म्हणजे एचआयव्हीवरचं रोजचं औषध. माझी त्या गोळ्यांची पहिली डबी दोन वर्षं तांदळाच्या पिपात होती. सासरी माणसं सात, खोल्या दोन, आणि तांदूळ काढायचं काम माझं, म्हणून तीच जागा सुरक्षित वाटली. २००९ साल होतं. तेव्हा गोळी दिवसातून दोनदा घ्यावी लागे, बारा-बारा तासांनी. सकाळी सातची सहज जमायची, कारण त्या वेळी पिपात हात जाणारच. संध्याकाळी सातला मात्र जाऊबाई स्वयंपाकघरात असायच्या. त्या बाहेर पडेपर्यंत कधी नऊ वाजत, कधी अकरा, कधी राहूनच जाई. महिन्याने एआरटी केंद्रात गोळ्या मोजल्या की जास्त निघत. "विसरता का हो?" असं मॅडमनी विचारलं की मी मान हलवायची. खरं सांगते, त्या दोन वर्षांत मी एकदाही विसरले नव्हते.

आता बरीच वर्षं झाली, मी केंद्राच्या बाकावर नव्याने आलेल्या माणसांजवळ बसते. "विसरलो" हा शब्द इतक्यांदा ऐकला आहे की तो कानावर पडला की मी पुढचा प्रश्न एकच विचारते, डबी ठेवता कुठे? दहापैकी सात-आठ वेळा उत्तर तिथेच सापडतं. हा हिशेब माझ्या बाकावरचा आहे, कुठल्या अहवालातला नाही. गोळी चुकते ती आठवण कमी म्हणून क्वचितच. ती घ्यायला कुणी बघत नाही असं एक मिनिट मिळत नाही म्हणून चुकते. त्यामुळे लगेच मोबाईलमध्ये अलार्म लावायला बसू नका. तो लावायचा आहेच, पण नंतर.

हातात काय मिळालं आहे ते आधी समजून घ्या

आज बहुतेक मोठ्या माणसांना टीएलडी नावाची गोळी देतात. टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्यूटेग्रॅव्हिर ५० मिलिग्रॅम, तीन औषधं मिळून एक गोळी. दिवसातून एकदा, जेवणाआधी किंवा नंतर, कसंही चालतं. सरकारी केंद्रात ती फुकट मिळते. ही मोफत योजना देशात १ एप्रिल २००४ पासून आहे, आणि २०१७ पासून तपासणीत एचआयव्ही निघाला की सीडी४ (रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा) कितीही असो, औषध सुरू करतात. आमच्या वेळी सीडी४ खाली जाईपर्यंत वाट बघायला लावायचे. ती वाट बघणं म्हणजे काय असतं ते तुम्हाला बघावं लागलं नाही, याचं मला बरं वाटतं.

औषध विषाणूला मारून संपवत नाही, त्याची वाढ थांबवते. रक्तातलं औषध कमी झालं की तो पुन्हा स्वतःच्या प्रती काढायला लागतो. प्रती काढताना त्याच्याकडून चुका होतात, आणि एखाद्या चुकीमुळे तो औषधाला न जुमानणारा बनतो. यालाच डॉक्टर रेझिस्टन्स म्हणतात. मग गोळी नियमित घेतली तरी उपयोग होत नाही, आणि दुसरी औषधं सुरू करावी लागतात.

केंद्रात तुम्हाला ९५ टक्के हा आकडा ऐकवतील. महिन्याच्या ३० गोळ्यांत एक चुकली तर ९६ टक्क्यांच्या वर राहता. दोन चुकल्या की ९३. म्हणजे महिन्याला एकच माफ, असं धरून चाला. मात्र तासभर मागेपुढे झालं तर जीव टांगणीला लावू नका, ही गोळी तेवढी दमदार आहे. राहिली तर आठवेल तेव्हा घ्या. पुढच्या गोळीला चार तासांपेक्षा कमी वेळ उरला असेल, तर राहिलेली सोडा आणि पुढची वेळेवर घ्या. दोन एकदम मात्र कधीच घेऊ नका.

जागा

आमच्या नागपुरात जागा शोधताना दोन गोष्टी बघाव्या लागतात, माणसं आणि ऊन.

उन्हाचं आधी सांगते. डबीवर ३० अंशांखाली ठेवा असं लिहिलेलं असतं. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, बाहेर ४५-४६ अंश असताना हे वाचून हसू येतं. पण करता येण्यासारखं बरंच आहे. टिनाचं छप्पर असेल तर वरच्या फळीवर डबी ठेवू नका, वर तापतं. खालच्या कप्प्यात, कपड्यांच्या घडीत, भिंतीला लागून ठेवा. गाडीच्या डिक्कीत ठेवूच नका, भर दुपारी नुसती "तासाभरासाठी" सुद्धा नाही. आणि कूलर! खिडकीतल्या कूलरसमोरची फळी थंड लागते म्हणून डबी तिथे ठेवणारे मी पाहिले आहेत. तिथे थंडावा असतो तसाच ओलावाही असतो, आणि ओलावा गोळीला बाधतो. डबीत जी छोटी पुडी असते ती ओल शोषण्यासाठीच असते. ती फेकू नका, आणि सगळ्या गोळ्या दुसऱ्या डब्यात ओतून ठेवू नका. दोन-चार दिवसांच्या काढल्या तर हरकत नाही.

आता माणसांचं. डबी वाजते. पहिल्याच आठवड्यात हे कळतं, आणि त्या खुळखुळण्याने दचकायला होतं. आत थोडा स्वच्छ कापूस घाला, आवाज बंद. लेबलची भीती वाटत असेल तर आधी त्याचा आणि मुदतीच्या तारखेचा मोबाईलमध्ये फोटो काढा, मगच ते सोला. घरात बीपीच्या, शुगरच्या गोळ्या असतील तर बिनलेबलची डबी त्यांच्यात मिसळू देऊ नका. आणि लहान मुलांच्या हाताला लागणार नाही एवढं बघा.

जागा निवडताना स्वतःला विचारा, ठरल्या वेळी मी तिथे एकटी किंवा एकटा असतो का? तांदळाच्या पिपात लपवाछपवी चोख होती, पण संध्याकाळी ते पीप माझं नव्हतं. पुढे मी शिलाई मशीनच्या खणात डबी ठेवली. त्या खणात सुया असतात म्हणून कुणी हात घालत नसे. पाण्याची बाटली मशीनजवळ असायचीच. जागा बदलली आणि चुकणं जवळजवळ थांबलं. माझ्या मनाचा निश्चय वगैरे होता तेवढाच होता.

दोन-तीन गोळ्या घराबाहेरही ठेवा. पर्समध्ये, टिफिनच्या पिशवीत, दुकानाच्या गल्ल्यात. उन्हाळ्यात त्या आठवड्याला बदला.

वेळ

टीव्हीवरच्या मालिकेची वेळ, मुलांना झोपवायची वेळ, दात घासायची वेळ, रोज न चुकता होणाऱ्या कशाला तरी गोळी बांधून टाका. अलार्मला नाव देऊ नका, किंवा "पाणी भरणे" असं काहीतरी द्या.

बुटीबोरी आणि हिंगण्याच्या एमआयडीसीत काम करणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. शिफ्ट दर आठवड्याला फिरते. "उठल्यावर घेईन" असं ठरवलं तर एका आठवड्यात उठणं सकाळी पाचला असतं आणि दुसऱ्यात दुपारी तीनला. अशा माणसाला मी कागद घेऊन बसवते. सकाळी ७ ते ३, दुपारी ३ ते ११, रात्री ११ ते ७, या तिन्ही पाळ्यांत तुम्ही कधी जागे असता ते लिहा. बहुतेकांचं उत्तर संध्याकाळी सहा ते नऊच्या मध्ये येतं. दुसऱ्या पाळीत त्या वेळी कारखान्यात असाल, तर त्या आठवड्यापुरती गोळी खिशात आणि चहाच्या सुट्टीत. "ताकदीची गोळी आहे" एवढं सांगितलं की कुणी पुढे विचारत नाही.

उपास असला तरी गोळी चुकवायचं कारण नाही. एकादशी, नवरात्र, श्रावणी सोमवार, पाण्यासोबत गोळी चालते. रमजानमध्ये सेहरी किंवा इफ्तारची वेळ धरा आणि महिनाभर तीच ठेवा.

एक माणूस

सगळ्यांना सांगू नका. एकाला सांगा. नवरा-बायको असेल तर उत्तम, जोडीदाराची तपासणीही व्हायला हवी. नाहीतर बहीण, मित्र, मामेभाऊ. रात्री "झालं का?" एवढा मेसेज करणारं कुणीतरी हवं. कुणीच नसेल तर समुपदेशकाला तसं स्पष्ट सांगा. आमच्यासारखी एचआयव्हीसह जगणारी माणसं बहुतेक केंद्रांच्या आसपास असतात, ती गाठ घालून देतात. १०९७ ही मोफत हेल्पलाइनही आहे.

कायदा तुमच्या बाजूने आहे, हे माहीत असलेलं बरं. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तुमच्या संमतीशिवाय तुमची स्थिती उघड करणं, केवळ एचआयव्ही आहे म्हणून कामावरून काढणं किंवा उपचार नाकारणं त्यात मना आहे. कायद्याने शेजारणीचं तोंड बंद होत नाही, ते मलाही कळतं. पण साहेबासमोर उभं राहताना पाय कमी थरथरतात.

पहिले काही आठवडे

मी जुन्या औषधांवर होते तेव्हा माझी नखं काळवंडली होती, नंतरच्या गोळीने रात्री अशी स्वप्नं पडत की उठून लाइट लावावा लागे. टीएलडी त्या मानाने गरीब गाय आहे. डोकं दुखणं, मळमळ, झोप उडणं हे काहींना होतं आणि सहसा काही आठवड्यांत ओसरतं. झोप उडत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी सकाळी घ्या, यासाठी ती बंद करू नका. काहींचं वजन वाढतं, तेही सांगा. अंगावर पुरळ उठलं, डोळे पिवळे झाले, तर त्याच दिवशी केंद्र गाठा.

आणखी एक. औषध सुरू झाल्यावर कधी कधी ताप येतो, खोकला वाढतो, मानेला गाठ येते. माणूस म्हणतो, "गोळीने आजारी पडलो." बऱ्याचदा आत दबून बसलेला क्षयरोग तेव्हा वर येतो, कारण शरीर आता लढायला लागलेलं असतं. गोळी चालू ठेवा आणि लगेच दाखवा.

दुसरी औषधं, आणि सावजी

सावजी मटण खाल्लं की रात्री छाती जळते, आणि मग घराघरात ती पातळ अँटासिडची बाटली निघते. त्यातलं अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियम डोल्यूटेग्रॅव्हिरला धरून ठेवतं, औषध अंगी लागत नाही. म्हणून टीएलडी अँटासिडच्या दोन तास आधी घ्या किंवा सहा तासांनंतर. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनाही हेच लागू, पण त्या टीएलडीसोबत घ्यायच्याच असतील तर जेवणाबरोबर घेतलेल्या चालतात. गरोदर बायांना या दोन्ही गोळ्या मिळतात, त्यांनी हे नीट विचारून घ्यावं. रोज न चुकता औषध घेऊनही व्हायरल लोड, म्हणजे रक्ताच्या एका मिलिलिटरमधला विषाणूचा आकडा, उतरत नाही असं कोडं कधी कधी पडतं, त्याचं उत्तर असल्या बाटलीतही असू शकतं.

क्षयरोगाचं रिफॅम्पिसिन चालू असेल तर डोल्यूटेग्रॅव्हिरची जास्तीची गोळी बारा तासांनी द्यावी लागते. मधुमेहाचं मेटफॉर्मिन आणि फिटची काही औषधं यांचाही मेळ बघावा लागतो. खाजगी डॉक्टरकडे गेलात आणि एचआयव्ही सांगायची हिंमत झाली नाही, तर निदान त्याने दिलेली चिठ्ठी एआरटी केंद्रात दाखवा.

केंद्राच्या फेऱ्या

शहरात मेडिकल आणि मेयो, या दोन्ही सरकारी रुग्णालयांत एआरटी केंद्र आहे. तरी नागपूरचा माणूस ओळखीचं कुणी दिसू नये म्हणून वर्ध्याला नाव नोंदवतो, आणि वर्ध्याचा त्याच कारणाने नागपूरला येतो. मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. पण एका फेरीला दिवसाची रोजी जाते, वर भाडं, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात "पुढच्या आठवड्यात जाऊ" सुरू होतं. पहिलं वर्ष दूर काढलं असेल तर पुढे जवळच्या केंद्रात किंवा लिंक एआरटी केंद्रात (मोठ्या केंद्राला जोडलेलं छोटं केंद्र) बदली मागा. तब्येत स्थिर असली की एकदम दोन-तीन महिन्यांच्या गोळ्याही देतात, त्याबद्दल विचारा.

एसटीच्या सवलतींत आपलाही समावेश आहे, संजय गांधी निराधार योजनेतही. कागदपत्रं कोणती, ते समुपदेशक सांगतात. एसटीची सवलत कित्येक जण घेत नाहीत, कारण भरल्या गाडीत कंडक्टरला ते कार्ड दाखवायचं असतं. मीही कित्येक वर्षं पूर्ण तिकीट काढलं.

शेवटची गोळी खाऊन मग निघू नका, सात उरल्या की जा. दिलेली तारीख तान्ह्या पोळ्याला, मारबतीच्या दिवशी किंवा दसऱ्याला येत नाही ना ते कॅलेंडरवर बघा. जाताना उरलेल्या गोळ्यांसकट डबी न्या, आणि जास्त निघाल्या तर त्या आदल्या रात्री मोरीत टाकू नका. हे मी केलेलं आहे. मोजणी बरोबर आली, मॅडमनी शाबासकी दिली, आणि औषध का चुकतं हा प्रश्न आणखी वर्षभर कुणी विचारलाच नाही.

व्हायरल लोड सहाव्या महिन्यात, बाराव्या महिन्यात आणि पुढे वर्षातून एकदा तपासतात. तारीख लिहून ठेवा, गर्दीत ती राहून गेली तर तुम्हीच आठवण द्या. १,००० च्या वर आला तर समुपदेशन वाढवतात आणि काही महिन्यांनी पुन्हा बघतात, लगेच औषध बदलत नाहीत. सापडण्याइतकाही उरला नाही, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. नवीन लग्न झालेल्या पोरांना मी हे दोनदा सांगते. पहिल्यांदा त्यांना खरं वाटत नाही.

गावाला जाताना

लग्नसराईत पाच दिवस पाहुण्यांत काढावे लागतात, पेरणीला किंवा कापसाच्या वेचणीला गावी जावं लागतं. जितके दिवस तितक्या गोळ्या, वर चार जास्त. निम्म्या बॅगेत, निम्म्या अंगावरच्या पाकिटात, कारण बॅगा हरवतात. एआरटी पुस्तिकेचा फोटो मोबाईलमध्ये असू द्या. कुठे अडकलात तर आपल्या केंद्रात फोन करा, वाटेतल्या केंद्रातून मधल्या दिवसांची सोय होऊ शकते.

बरं वाटायला लागलं की

खरा धोका इथे आहे, साधारण सहा महिने ते वर्षाच्या सुमाराला. वजन भरतं, चेहऱ्यावर तेज येतं. "ताई, चांगला धडधाकट हाव मी. आता कायले घ्याची गोळी?" असं एक जण मला म्हणाला होता. त्याला कुणीतरी जडीबुटीची पुडी दिली होती, तीन महिन्यांत मुळासकट जाईल म्हणून. तो आठ महिन्यांनी परत आला, क्षयरोग घेऊन. आज बरा आहे, पण त्या आठ महिन्यांची भरपाई त्याला बराच काळ करावी लागली. बरं वाटतं ते गोळीमुळे वाटतं. शिवाय ज्यांना हिपॅटायटिस बी सुद्धा आहे त्यांनी टीएलडी अचानक सोडली तर यकृत बिघडू शकतं.

दारूचं सरळ सांगते. पिऊ नका म्हणायला डॉक्टर आहेत. माझं म्हणणं एवढंच, प्यायलात म्हणून गोळी टाळू नका. "दारूवर गोळी गरम पडते" ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे, आणि तिच्यापायी शनिवार-रविवार हमखास जातो. रोज संध्याकाळी बसणाऱ्याने गोळी सकाळीच घेऊन मोकळं व्हावं.

मन खचलेलं असेल, झोप नाही, काही करावंसं वाटत नाही, तर तेही केंद्रात सांगा. गोळी हातात घेऊन परत ठेवून देणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना अलार्मचा काय उपयोग?

मध्ये खंड पडलाच तर

एका केंद्रात मला सगळ्यांसमोर बोलणी बसली होती, तेव्हा मी दोन महिने तिकडे फिरकले नाही. बोलणाऱ्याचं काही गेलं नाही, गोळ्या माझ्या संपल्या. तुमच्यावर अशी वेळ आली तर दुसऱ्या समुपदेशकाकडे जा, केंद्र बदलून मागा, १०९७ लावा, पण जा. उरलेल्या जुन्या गोळ्या घरच्या घरी अंदाजाने सुरू करू नका. किती दिवस चुकले ते मोजून, खरा आकडा घेऊन जा. वीस असतील तर वीस सांगा, दोनशे असतील तर दोनशे. कुठल्या तपासण्या करायच्या, कुठलं औषध द्यायचं, हे डॉक्टर त्या आकड्यावरूनच ठरवणार आहेत.